सुईणीच्या वहीतलं जोडपान

१

मी तिसऱ्यांदा मोजली आणि तिसऱ्यांदाही पानं एकशे अठराच भरली.

वही एकशे वीस पानांची होती. हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. गेल्या आठवड्यात मंगळवारी याच टेबलाशी, याच खुर्चीत बसून मीच ती मोजली होती, आणि मोजण्यात मी चुकत नाही. बाकी आयुष्यात पुष्कळ चुकले असेन, तो विषय वेगळा.

"काय झालं?" ग्रंथपालबाईंनी विचारलं. दोन्ही हातांनी टेबलाची कड धरून त्या समोर उभ्या होत्या.

"दोन पानं कमी आहेत."

त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. खुर्ची मागे होती तरी ती त्यांना सापडेना.

माझं काम सांगते, म्हणजे त्यांना बसायला खुर्ची का सापडली नाही ते कळेल. जुन्या हस्तलिखितांवर वाचनालयांचा जीव असतो, पण ऐपत नसते. अशा वाचनालयांना मदत करणारा एक निधी आहे आणि त्याची मी तपासनीस. वही अस्सल आहे का, पुरी आहे का, हे मी बघते आणि सही करते. मग निधी रक्कम सोडतो, वही कायमची वाचनालयाची होते आणि छापून सगळ्यांना खुली होते. हातात सारखं भिंग असतं म्हणून लोक पाठीमागे मला भिंगबाई म्हणतात. तोंडावर म्हटलं तरी माझी हरकत नाही, पण अजून कुणाची छाती झालेली नाही.

आणि ही वही साधीसुधी नव्हती. याच गावातल्या एका घरातल्या सहा पिढ्यांच्या सुईणींनी लिहिलेली होती. कुणाच्या घरी कोण जन्मलं, किती वाजता, सरळ आलं की पायाळू, आई वाचली की नाही. अर्ध्या गावाचा पहिला श्वास त्या पानांवर होता. ती मिळावी म्हणून ग्रंथपालबाईंनी तीन वर्षं निधीपुढे दातांच्या कण्या केल्या होत्या.

कराराची मुदत आज संध्याकाळी पाचला संपत होती. वही विकणाऱ्या घराने एकच अट घातली होती, पण ती लोखंडी होती. वाचनालयाच्या ताब्यात असताना यादीतलं एक पान जरी हललं तरी करार रद्द, मग वही कुणालाही विकायला ते मोकळे.

तो 'कुणीही' खाली व्हरांड्यात पाय पसरून बसलेला होता. जुनी पुस्तकं विकत घ्यायची, उसवायची आणि एकेक पान चौकटीत घालून विकायचं, हा त्याचा धंदा. आमच्या व्यवसायात त्याला पानकाढ्या म्हणतात.

घड्याळात दीड वाजला होता.

"मॅडम, वही सात दिवस तळघरातल्या फ्रीजरमध्ये होती आणि त्याची किल्ली फक्त माझ्याकडे असते," ग्रंथपालबाई हळूच म्हणाल्या. "सगळे मलाच धरणार."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. वही ज्या टिपकागदात गुंडाळलेली होती, त्या कागदावर काहीतरी हललं होतं.

२

तांदळाच्या दाण्याएवढी पांढरी अळी होती. अंगाची कमान करून सावकाश चालली होती. मी पाण्याचा रिकामा पेला तिच्यावर पालथा घातला.

"मामा!" मी हाक मारली.

शेजारच्या खोलीतून डिंकमामा आले. वाचनालयाचे बांधणीकार. चाळीस वर्षं इथली फाटकी पुस्तकं शिवत आलेत, आणि बोटांना डिंकाचा वास कायमचा चिकटलाय. त्यांनी पेल्यातून पाहिलं आणि मागे झाले.

"जिवंत?" ते ओरडलेच. "बाई, ही जिवंत आहे! हिला इथे कुणी आणली? आत पाच हजार पुस्तकं आहेत माझी!"

ग्रंथपालबाई पानांचं दुःख विसरून धावल्या आणि त्यांनी आतल्या दालनाचं दार ओढून घेतलं. दोघांचे चेहरे मी नीट पाहून ठेवले. ती भीती खोटी नव्हती.

कुठलीही जुनी वही वाचनालयात येते तेव्हा एकटी येत नाही. तिच्यात कसर असते, किड्यांची अंडी असतात. म्हणून ती टिपकागदात गुंडाळून, प्लास्टिकच्या पाकिटात घालून सात दिवस कडक थंडीत ठेवायची. पाकिटाला चिकटपट्टी लावत नाहीत, कारण ती थंडीत सुटते. सुती फीत बांधायची आणि फितीला नावाची चिठ्ठी. सात दिवसांनी पाकीट बाहेर काढायचं, पण एक अख्खा दिवस उघडायचं नाही. लगेच उघडलं तर गार कागदाला घाम सुटतो आणि शाई पसरते.

या वहीचंही तसंच झालं होतं. मंगळवारी मी ती वाचून पानवार यादी केली. रात्रभर वही लोखंडी कपाटात होती आणि कपाटाची किल्ली माझ्या उशाखाली. बुधवारी सकाळी सगळ्यांसमोर पाकीट बांधलं आणि ते तळघरातल्या फ्रीजरमध्ये गेलं. काल, म्हणजे पुढच्या बुधवारी सकाळी, ग्रंथपालबाईंनी ते काढून डिंकमामांच्या खोलीतल्या फळीवर ठेवलं. आज गुरुवारी मी उघडलं. फितीला चिठ्ठी माझ्याच अक्षरातली होती.

"फ्रीजर बंद पडला होता का मध्ये?"

"नाही. रोज दोनदा आकडा लिहिते मी," ग्रंथपालबाईंनी फ्रीजरची नोंदवहीच काढून दाखवली. उणे तीस, उणे तीस, उणे एकोणतीस. एकही रकाना मोकळा नव्हता.

उणे तीसमध्ये सात दिवस राहून कुठलीही अळी व्यायाम करत नाही. मी त्या पेल्याकडे बघत राहिले.

"ही वही फ्रीजरमध्ये गेलीच नव्हती," मी म्हणाले. "सात दिवस तिथे दुसरंच काहीतरी गारठत होतं."

३

म्हणजे पाकीट दोनदा बदललं गेलं होतं. एकदा तळघरात जाताना आणि एकदा काल, फळीवर असताना. मधले सात दिवस वही कुणाच्या तरी घरी उबेत होती. ग्रंथपालबाईंची किल्ली यात कुठेच लागत नव्हती. मी हे बोलून दाखवलं तेव्हा कुठे त्यांना खुर्ची सापडली. पण पानं परत आली नव्हती, आणि घड्याळ माझं ऐकत नव्हतं.

"मामा, काल दिवसभर तुमच्या खोलीत कोण कोण आलं?"

"कुणी नाही."

"आठवून सांगा."

"अहो बाई, कुणी आलं असतं तर सांगितलं नसतं का? मी इथून हललोच नाही. कुंचला धुवायला नळावर गेलो असेन, तेवढंच."

मी पुन्हा वहीकडे वळले. पंधरा जुड्यांची वही. एकेका जुडीत चार कागद मधोमध दुमडून एकात एक घातलेले, म्हणजे आठ पानं. शेवटच्या जुडीत सहाच होती. मधला कागद, ज्याला आम्ही जोडपान म्हणतो, तो अख्खा गेला होता. यादीप्रमाणे एकशे सोळावं पान लिहिलेलं आणि त्याचा जुळा भाऊ एकशे सतरावं कोरं.

मी भिंग लावलं. कुठेही पातं लागलेलं नव्हतं. चोर घाईत असला की पान कापतो आणि शिवणीशी एक पट्टी उरते. इथे जुडी उसवली होती, कागद अलगद काढला होता, आणि उरलेले तीन कागद परत शिवून ठेवले होते. दोऱ्याचा रंगसुद्धा जुळवलेला. मी नाक जवळ नेलं. चहाचा वास आला. नवा दोरा चहात बुडवून जुना केला होता.

"मामा, ही शिवण बघा."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि जुडी डोळ्यांजवळ धरली. त्यांच्याशिवाय या इमारतीत कुणाला जुडी शिवता येत नाही, हे मलाही माहीत होतं आणि त्यांनाही. ग्रंथपालबाई त्यांच्याकडे बघायचं टाळत होत्या.

"माझ्यावर आळ येणार म्हणा की," ते शेवटी म्हणाले. "चाळीस वर्षांनी."

"आधी शिवणीबद्दल बोला."

"हात चांगला आहे. टाका सारखा आहे, माझ्यापेक्षा सारखा. पण हा बघा शेवट. आम्ही घडीच्या आत गाठ मारतो आणि दोरा सोडतो. इथे गाठच नाही. उलटी टीप घातलीय, तीन वेळा, मागे जाऊन. कागदाला असं कुणी करतं का? एकेका टाक्याचं एक भोक. दहा वर्षांत घडी फाटेल. बांधणीकाराचा हात असं करायला धजायचाच नाही."

"मग उलटी टीप कोण घालतं?"

मामांनी खांदे उडवले. मी टेबलावर नजर फिरवली. यादी, भिंग, टिपकागद, पालथा पेला, आणि वहीसाठी शिवलेली निळ्या जाड कापडाची थैली. सहज चाळा म्हणून मी वही थैलीत सरकवली. पुट्ठे वाकलेले, पाठ फुगलेली अशी ती वही. तरीही थैलीत अशी बसली की ना ढिली ना तंग.

"ही थैली कुणी आणली?"

"ताईंनी. काल दुपारी देऊन गेल्या."

"मामा! मघाशी तर म्हणालात कुणी आलं नाही!"

"अहो, ताई म्हणजे काय कुणी आहेत का?" मामा खरोखरच चक्रावून म्हणाले. "त्यांच्याच घरची तर वही!"

४

वही दोघा भावंडांची होती. थोरला भाऊ सहासष्ट वर्षांचा, निवृत्त पोस्टमास्तर. अख्खं गाव त्याला दादा म्हणतं. हात थरथरतात त्याचे. मंगळवारी करारावर सही करायला त्याला पाच मिनिटं लागली होती आणि मदत करू गेलेल्या बहिणीला त्याने डोळ्यांनीच गप्प केलं होतं. अखंडतेची अट त्याचीच. धाकटी बहीण म्हणजे या ताई. वाचनालयासमोर रस्त्यापलीकडे त्यांचं शिवणकामाचं दुकान आहे.

बुधवारी पाकीट बांधून झाल्यावर काय झालं होतं ते मला आता लख्ख आठवलं. ग्रंथपालबाई, दादा आणि मी कागदपत्रांवर वाकलो होतो. ताईंनी पाकीट उचलून छातीशी धरलं आणि म्हणाल्या, "आजीची वही आहे. तळघरापर्यंत मीच नेते." कुणाला काय वाटणार? मला तर गहिवरून आलं होतं. खांद्याला त्यांची ती मोठी पिशवी होती, कापडांचे तागे मावतील एवढी.

तळघराच्या दाराशी मागाहून पोचलेल्या ग्रंथपालबाईंनी त्यांच्या हातून पाकीट घेतलं आणि फ्रीजरला कुलूप लावलं. जिन्यात मात्र ताई एकट्याच होत्या. जुनं हिशेबाचं रजिस्टर तसल्याच टिपकागदात आणि प्लास्टिकमध्ये बांधून आणलं असेल, तर फीत आणि चिठ्ठी हलवायला एक मिनिट पुरे, आणि काल मामा नळावर असताना पुन्हा तेवढंच.

पण कशासाठी? मी खाली व्हरांड्यात गेले. पानकाढ्या पाय पसरून तसाच होता.

"पानं कमी आहेत म्हणे," तो गोड हसला. भिंतींना कान असतात, पण हा तर अख्खी भिंतच होता. "माझी काही अट नाही हं. कमी असली तरी घेईन."

"तुम्हाला या वहीतलं एकच पान मिळणार असेल तर कुठलं घ्याल?"

"नववं," त्याने क्षणाचाही विचार केला नाही. "रंगीत चित्र आहे ना, गर्भाचं. चौकटीत घातलं की भिंतीवर शोभेल."

"आणि एकशे सोळावं?"

"ते काय आहे? नुसतं लिहिलेलंच ना?" त्याने तोंड वाकडं केलं. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण त्या माणसाने मला हवं ते दिलं होतं. नववं पान जागेवर होतं. विकण्यासाठी चोरी झालेली नव्हती.

मी वर येऊन माझी यादी उघडली. पान एकशे सोळा, पुढची बाजू: सुईणीच्या दारात सापडलेलं मूल. मागची बाजू: मुलगी, त्याच घरी, आठ वर्षांनंतर, शेवटची नोंद. मधल्या काळात गावात रुग्णालय झालं होतं आणि वहीत लिहिण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आणि मग मला मंगळवारची संध्याकाळ आठवली. ताई माझ्या शेजारी बसल्या होत्या. दादा ग्रंथपालबाईंबरोबर खाली गेला होता. "मॅडम, आजीच्या अक्षराचं हे जुनं वळण आम्हाला वाचता येत नाही. शेवटी काय लिहिलंय हो?" असं त्यांनी विचारलं. मी दमलेली होते, तरी आवाज लावून पुढची बाजू वाचून दाखवली. तारखेसकट. त्यांना एकदम काम आठवलं, उठून गेल्या. मागची बाजू मी मनातच वाचली, तीही अर्धीमुर्धी, कारण माझी शेवटची बस निघत होती.

मी करारनामा ओढला. दादाची जन्मतारीख पहिल्याच पानावर होती. ती आणि दारात सापडलेल्या मुलाची तारीख एकच होती.

चोरी ताईंनी केली असेल, पण तिला वाट माझ्या आवाजाने दाखवली होती.

सव्वाचार झाले होते. मी जिना उतरून रस्ता ओलांडला.

५

ताई मशीनवर बसलेल्या होत्या. मला पाहून चाक थांबवलं.

"झाली का सही?" त्यांनी विचारलं. चेहरा इतका भाबडा ठेवला होता की मला राग यायच्या ऐवजी कीवच आली.

"ताई, थैली फार छान बसली. माप कुणाकडून घेतलंत?"

"अंदाजानं शिवली."

"अंदाज असा बसत नाही. आठ दिवस वही समोर असली की बसतो."

त्या हातातलं कापड उगीचच सारखं करत राहिल्या.

"तुम्हाला वाटलं, फ्रीजर म्हणजे वही टिकावी म्हणून. घरातली भाजी ठेवतो तसं. फ्रीजर किडे मारायला असतो, ताई. ग्रंथपालबाईंनी किंवा मामांनी हे केलं असतं तर जिवंत कीड घेऊन वही वाचनालयात आणायला त्यांचा हात धजलाच नसता. ते दोघे स्वतः उपाशी राहतील, पण पुस्तकांत अळी सोडणार नाहीत. आणि बांधणीकार कधी उलटी टीप घालत नाही. ती कपडे शिवणारे घालतात, शिवण सुटू नये म्हणून."

मशीनवर एक ब्लाऊज अर्धवट होता. त्याच्या बाहीच्या टोकाला नुकतीच घातलेली उलटी टीप आम्हा दोघींनाही दिसत होती.

"पान कुठे आहे?"

"मी नाही देणार." त्यांचा आवाज फुटला. "मॅडम, तुम्हाला दादा माहीत नाही. आई-बाबा गेले तेव्हा मी दहा वर्षांची होते. त्यानं शिक्षण सोडलं. टपाल वाटलं. हे मशीन त्यानं घेऊन दिलंय. लग्न केलं नाही माझ्यापायी. आणि आज, या वयात, त्यानं कुठल्यातरी छापील पुस्तकात वाचायचं की तू या घरचा नाहीसच? दारात टाकलेला होतास म्हणून?"

"म्हणून पान काढलंत."

"कापलं नाही. आजीची वही आहे, तिला पातं लावायला हात धजेना." त्यांनी पदराने डोळे पुसले. "मला वाटलं, शेवटचं तर पान, कोण मोजतंय. तुम्ही सही कराल, वही जाईल, संपलं."

"मी मोजते. त्याचाच मला पगार मिळतो."

"मग असं करा. पान देते, पण दादा आहे तोवर ते कुणी वाचायचं नाही, असं लिहून द्या."

तसं लिहून द्यायचा मला अधिकार नव्हता. निधी ज्या वहीसाठी पुढे येतो ती सगळ्यांना उघडी राहते, हीच तर त्याची अट. समोर वाचनालयाच्या खिडकीत ग्रंथपालबाई उभ्या दिसत होत्या, पुतळ्यासारख्या. पान मिळालं नाही तर त्यांच्यावर चोरीचा डाग राहणार, डिंकमामांच्या चाळीस वर्षांवर बोळा फिरणार आणि अर्ध्या गावाचे जन्म पानकाढ्याच्या चौकटींत जाणार. पान मिळालं तर एका म्हाताऱ्याच्या पायाखालची जमीन सरकणार. निधीच्या नियमावलीत याचं उत्तर नव्हतं.

"लिहून देऊ शकत नाही," मी म्हणाले. "खोटं बोलावं असं मला फार वाटतंय, पण देऊ शकत नाही."

"मग नाही देत!"

"चिमे," दारातून आवाज आला. "ओरडतेस कशाला?"

काठीवर दोन्ही हात ठेवून दादा पायरीवर उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे.

६

दादा आत आला, स्टुलावर बसला, काठी मांडीवर आडवी ठेवली. हात थरथरतच होते.

"एकशे सोळावं ना?" त्याने मला विचारलं.

मी मान हलवली. ताईंच्या तोंडातून चमत्कारिक आवाज निघाला.

"मी ते अकराव्या वर्षी वाचलंय. जुनं वळण आजीनंच शिकवलं मला, घरात दुसऱ्या कुणाला शिकायचं नव्हतं. एकदा ती बाहेर गेली होती तेव्हा चाळता चाळता माझी तारीख सापडली." तो बहिणीकडे वळला. "पंचावन्न वर्षं झाली त्याला. तू तेव्हा तीन वर्षांची होतीस, माझ्या पाठीवर बसून घोडा घोडा करायचीस."

"दादा, मग तू कधी..."

"काय सांगायचं? आणि कशाला? तुला कळलं तर तू मला परका समजशील अशी भीती मलाच होती." तो हसला, पण डोळे भरले होते. "आपण दोघंही एकमेकांपासून तेच पान लपवत बसलो, बघ."

"म्हणून तुम्ही ती अट घातली होतीत," मी म्हणाले. "एकही पान हलता कामा नये."

"मी जगात आलो याचा एवढा एकच कागद आहे, बाई. बाकी सगळीकडे तारीख यावरूनच उतरवलीय. तो कागद कुणीतरी जपून ठेवावा, मी गेल्यावरही, एवढंच वाटलं. आण चिमे, काय केलंस त्याचं?"

ताई उठल्या. भिंतीवरच्या आरशामागे खळ लावून कडक केलेला दुमडता पुठ्ठा होता, त्यातून त्यांनी दोन पातळ कापडांमध्ये ठेवलेलं जोडपान काढलं. एक सुरकुती नव्हती. दादाने ते घेतलं नाही, हातांकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "तूच धर. मी वाचतो. पुढची बाजू तुला कळलेलीच दिसतेय, पण पुन्हा ऐक, म्हणजे भीती जाईल."

त्याने वाचलं, अडखळत नाही, पाठ असल्यासारखं. "पहाटे आपल्या दारात मुलगा. जेमतेम दिवसाचा. नाळ बांधलेली नव्हती, मी बांधली. आई कोण ते कळलं नाही. सुनेच्या कुशीत दिला."

ताई ओठ दाबून उभ्या होत्या.

"आता उलटं कर."

"मागे काय आहे?"

"मागे तू आहेस, वेडे. आजीनं लिहिलेलं शेवटचं बाळ. मला पुसायला निघालीस आणि स्वतःलाच काढून बसलीस."

ताईंनी पान उलटं केलं. मी भिंग पुढे केलं, पण दादाला त्याची गरज नव्हती. तरी पहिल्या ओळीशी त्याचा आवाज बसला, म्हणून त्याने खुणेने मला वाचायला सांगितलं. मंगळवारी बस पकडायच्या नादात मी जे धड वाचलं नव्हतं ते आता नीट वाचलं.

"सुनेला मुलगी. मध्यरात्र. दोघी सुखरूप. कंदील भावाने धरला. वय आठ. हात हलला नाही."

ताईंनी मला ते पुन्हा वाचायला लावलं. मी वाचलं. 'भावाने' या शब्दाशी त्यांनी माझा हात धरला, भिंग त्याच्यावर ठेवून घेतलं आणि न वाचता येणारं ते अक्षर बघत राहिल्या. मग पान माझ्या हातात दिलं आणि दादाचे दोन्ही थरथरणारे हात आपल्या हातांत घट्ट धरून ठेवले.

पाचला बारा मिनिटं कमी असताना आम्ही तिघं रस्ता ओलांडून वाचनालयात शिरलो. पानकाढ्या उठून उभा राहिला, माझ्या हातातलं कापड पाहिलं आणि पिशवी आवरू लागला. वर ग्रंथपालबाई दारातच होत्या. मी जोडपान टेबलावर ठेवलं आणि त्यांच्यादेखत चौथ्यांदा वही मोजली. एकशे वीस. मग ताईच पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "मी नेलं होतं. मामांवर आळ आला, मला माफ करा." ग्रंथपालबाई बोलायच्या ऐवजी रडायलाच लागल्या. मामांनी मात्र आधी उलटी टीप उसवली.

"माफी राहू दे," ते म्हणाले. "गाठ कशी मारायची ते बघून ठेवा."

मी चार ठिकाणी सह्या केल्या. दादानेही केली, पाच मिनिटं घेऊन, आणि या खेपेला कागद सरकू नये म्हणून ताईंनी तो धरला तर तो काही बोलला नाही. सगळं आटपल्यावर वही पुन्हा टिपकागदात गेली, पाकिटात गेली, फीत बांधली गेली. सात दिवस तिला परत थंडीत जायचं होतं आणि यावेळी खरोखरच. मी पाकीट उचलायला हात पुढे केला.

"मी नेऊ का?" ताईंनी विचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाकीट त्यांच्या हातात दिलं. तळघराचा दिवा गेलेला होता, म्हणून मी माझी विजेरी काढली, पण ती दादाने माझ्या हातातून काढून घेतली. तो काठी टेकत पुढे झाला. जिन्याच्या पायऱ्यांवर तो उजेड सगळीकडे थरथरत होता, आणि ताई त्याच्यामागून एकेक पायरी न चुकता उतरत होत्या.